दान दिलेला ट्रक आणि माझ्या घरचं पाणी

सतरा वर्षं माझे वडील दर गुरुवारी माझ्या घरी येत, आणि दर गुरुवारी त्यांच्या एका हातात केळ्यांची फणी असे न् दुसऱ्या हातात स्वतःच्या घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. बहादरपूरहून बऱ्हाणपुरातल्या माझ्या घरी यायला मोटरसायकलवर पंधरा मिनिटंही लागत नाहीत. पंधरा मिनिटांत माणूस तहानेने मरत नाही. पण बाटली यायचीच. वार गुरुवारचा ठरवला होता, कारण त्या दिवशी त्यांचा उपास. म्हणजे जेवणाचा आग्रह करायचीही सोय नाही. बाबा तसे सहावी शिकलेले, पण असल्या बाबतीत त्यांचं डोकं वकिलासारखं चालतं.

आमच्याकडे लेक एकदा दिली की बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. दान दिलेल्या वस्तूचा आपण उपभोग घेऊ नये, असा त्यामागचा विचार. आता वस्तू म्हणजे मी. लेकीला मूल झालं की ही बंदी उठते, कारण मग ते नातवाचं घर होतं आणि नातवाच्या घरी आजोबा पुरणपोळीवर पुरणपोळी हाणू शकतात. मला मूल झालं नाही. म्हणून बंदी उठली नाही. सुरुवातीला मी हट्टाने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत असे. ते त्या तांब्याकडे असे बघत, जणू मी त्यात उंदराचं औषध कालवलंय. पुढे मी ठेवणं सोडलं. नवरा मात्र भाबडा माणूस. तो दर गुरुवारी विचारायचा, "बाबा, चहा?" आणि बाबा दर गुरुवारी म्हणायचे, "आत्ताच पेऊन आलो." सतरा वर्षं हा माणूस आत्ताच पिऊन येत होता.

मला त्या बाटलीचा भयंकर राग होता. शेजारणींचे टोमणे मी परतवले होते, सासूबाईंचे उसासे ऐकून न ऐकल्यासारखे केले होते, मी शिकवते त्या शाळेतल्या बाईंनी सांगितलेले नवस हसण्यावारी नेले होते. पण ती निळ्या झाकणाची बाटली टीपॉयवर येऊन बसली की मला वाटायचं, आपला बाप दर आठवड्याला आपली हजेरी घ्यायला येतो आणि गैरहजर लिहून जातो. आयुष्यात एकदा, फक्त एकदा त्यांनी माझ्या घरचं पाणी प्यावं, एवढंच मला हवं होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्या घरात भांडणं खूप होतात, पण कामाचं कुणी बोलत नाही.

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण त्याशिवाय ट्रकचा मामला कळायचा नाही.

ट्रक दहा चाकांचा. माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधी बाबांनी घेतला आणि त्यात केळी भरून दिल्ली, लखनौ, कानपूर, जिथे म्हणून लोक केळी खातात तिथे नेली. रंग मूळचा पिवळा होता. पुढे कुणी विचारलं की आई म्हणायची, "गंजाचा." तिने त्या ट्रकला सवत मानलं होतं. मी म्हणायचे, सवत नाही, ती माझी धाकटी बहीण आहे. मी एकुलती एक म्हणून मिरवायची सोय मला पुढे मिळालीच नाही. दसऱ्याला मला ड्रेस मिळाला नाही तरी चालायचं, पण ट्रकच्या आरशांना नवे गोंडे लागलेच पाहिजेत.

मग बाबांचे गुडघे गेले. क्लच दाबला की तोंडातून "आई गं" निघायचं. वर्षभर ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या सावलीत गल्लीतली कुत्री झोपायला लागली. एक भंगारवाला आला, त्याने बॉनेटवर टिचकी मारली आणि वजनाचा अंदाज सांगितला. बाबा ओट्यावरून ओरडले, "याले वजनात मोजतो काय बे? जाय, तुह्या बापाले मोज!" भंगारवाला गेला, पण आई दोन दिवस म्हणत राहिली, की त्या भल्या माणसाला निदान चहा तरी द्यायचा होता.

तेव्हा संस्थेचं मीच सुचवलं. देडतलाईच्या पुढच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, आणि आमच्या शाळेच्या ओळखीतली एक धर्मादाय संस्था भाड्याचा टँकर लावून तिथे पाणी पोहोचवते. तिचे सर मला म्हणाले होते, कुणी जुना ट्रक दान दिला तर हौद्यात दोन टाक्या बसवू, झालं काम. मी बाबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"पानीच वाहीन ना गाडी? दुसरं काही नाही?"

"पाणीच वाहील, बाबा."

"मंग देऊ. केळं वाहून लय झालं तिचं."

कागदपत्रं झाली, सह्या झाल्या, ट्रक संस्थेच्या नावावर चढला. कुणाही शहाण्या माणसाने तिथे हात झटकले असते. पण बाबांच्या मते कागदाने फक्त विक्री होते. दान व्हायचं तर गुरुजी हवेत, पाणी सोडायला हवं, तुळशीपत्र हवं. एप्रिल संपता संपता एका सोमवारी सकाळी गुरुजी आले. त्यांनी दोन पोथ्या उलटसुलट चाळल्या आणि कपाळाला हात लावला.

"हत्तीचं दान आहे, घोड्याचं आहे, रथाचं आहे. ट्रकचं नाही हो."

"रथातच बसवा की," आई म्हणाली.

"रथ घोडे ओढतात, बाई. ह्याला इंजिन आहे." गुरुजींनी ट्रकभोवती एक चक्कर मारली. "ही संस्था ह्याचं करणार काय?"

"लोकांना पाणी देणार," मी म्हटलं.

"देणार? मग ही गाय," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. गाईच्या शिंगांना फुलं बांधतात, म्हणून दोन्ही आरशांना झेंडूच्या माळा बांधल्या. खुरांची पूजा असते, म्हणून दहाच्या दहा चाकांना हळदकुंकू लागलं, आणि आतल्या बाजूची चाकं राहिली म्हणून आईला ट्रकखाली वाकावं लागलं. ती तिथून सवतीला काय काय बोलत होती ते गुरुजींनी मंत्र मोठ्याने म्हणून झाकलं. तोंडाला चारा द्यायचा, म्हणून पुढच्या जाळीत हिरव्या गवताची पेंढी खोचली. आणि दान देताना दात्याने गाईचं शेपूट धरायचं असतं. मागच्या फाळक्याला केळी बांधायचा एक जुना रस्सा लोंबत होता. गुरुजी म्हणाले, हेच शेपूट. तो रस्सा हातात धरून माझे वडील, धोतर नेसून, दहा चाकी ट्रकच्या मागे उभे राहिले आणि गुरुजींच्या मागून तीन वेळा म्हणाले, की हे माझं नाही.

तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं.

मी हसत होते ती थांबले. मला माझं लग्न आठवलं. तिथेही हेच गुरुजी, हेच पाणी सोडणं, आणि बाबांचे डोळे कोरडे ठणठणीत. उलट विधी संपताच ते फोटोवाल्याला विचारत होते, जेवलास का रे. मला ट्रकचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला.

शेवटी गुरुजींनी, कुणी विचारलं नसताना, एक वाक्य जोडलं. "आता एक लक्षात ठेवा, दिलेल्या वस्तूचा उपभोग दात्याने घ्यायचा नाही." बाबांनी रस्सा सोडला, चार पावलं मागे सरकले आणि ट्रकपासून तेवढ्या अंतरावर उभे राहिले. खरा घोळ इथून सुरू झाला. कारण हारतुरे, गवत, हळदकुंकू सगळ्यांचा विचार आमच्याकडे झाला होता, पण ट्रक गल्लीतून बाहेर कोण काढणार, हे कुणीच बघितलं नव्हतं.

संस्थेचे सर जीप घेऊन आले होते. बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, तिशीतला हसरा माणूस. तो चढला, किल्ली फिरवली, आणि ट्रकने नुसतं घसा खाकरल्यासारखं केलं.

"काका, सेल्फ घेत नाही ना!"

"पान्यानं ठोक," बाबा ओट्यावरून म्हणाले. "सेल्फच्या बाजूले. दोनदा. हलका हात."

"कुठे, इथे?"

"खाली. अजून खाली. अबे, तो सायलेन्सर हाय!"

एरवी बाबांनी एका उडीत जाऊन ते काम केलं असतं. पण आता ट्रक परक्याचा होता, त्यावर हात ठेवायचा नव्हता. ते ओट्याच्या कडेला उभे राहून हवेतच पाना चालवत होते. पाऊण तासाने ठोका बरोबर जागी बसला आणि ट्रक धुरासकट जागा झाला. मग गल्ली. आमच्या गल्लीच्या वळणावर एका बाजूला विजेचा खांब आहे, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा नवा, टाईल्स लावलेला ओटा. बाबा इतकी वर्षं तिथून ट्रक काढत होते, ते कसं हे खांबालाही ठाऊक नसेल. ड्रायव्हरने एकदा प्रयत्न केला, ट्रक बंद पडला. दुसऱ्यांदा केला, बंपर टाईलला लागला आणि शेजारी बनियनवरच धावत आले. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने सरळ हात जोडले.

सरांनीही हात जोडले. "दादा, आता तुम्हीच. एवढी देडतलाईला पोचवून द्या. मागून आम्ही जीप आणतो, परत सोडतो तुम्हांला."

"दिल्या वस्तूत बसत नसतात," बाबा म्हणाले.

"मंग राहू दे तिले तिथंच," आई म्हणाली. "लोकं वळसा घालून जातीन."

गुरुजी अजून ओट्यावरच होते, हातात लाडू. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घास गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मोल ठेवून बसा. भाड्याच्या गाडीत बसावं तसं. एक नाणं ठेवलं तरी पुरे, मग तो उपभोग होत नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत बाबांचा हात कमरेच्या बटव्यात गेला होता. शाळेच्या सहलीला पैसे मागितले की ह्या माणसाला बटवा सापडायला आठवडा लागत असे. त्यांनी डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोपुढे एक रुपया ठेवला, धोतर खोचलं आणि "आई गं" म्हणत चढले. चेहरा असा, की नवरदेवच घोड्यावर बसला.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी चपला घातल्या आणि दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढून बसले. "मी पण येते," म्हटलं. शाळेला सुट्टी लागली होती आणि मला कुणी नको म्हणायची हिंमत केली नाही.

खांब आणि ओट्याच्या मधून ट्रक त्यांनी एका दमात काढला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तर ते गुणगुणायलाही लागले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग कापसाची रिकामी रानं, मग चढ आणि साग. आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ती निळ्या झाकणाची बाटली होती. वाटेतल्या खकनार गावापर्यंत मी तिच्याकडेच बघत होते.

"बाबा, एका रुपयात झालं?"

"काय?"

"दान दिलेल्या ट्रकमध्ये बसायचं. एक रुपया ठेवला, झालं?"

"गुरुजी म्हनले ना."

"मग सतरा वर्षांत माझ्या घरी ठेवायला तुमच्या बटव्यात एक रुपया नव्हता?"

त्यांनी गरज नसताना गिअर बदलला. "लेकीच्या घरी पैशे टाकून पानी पेऊ? ते काय हॉटेल हाय?"

मला अजून आठवतं, मी काही विचार केला नाही. बाटली उचलली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. भरलेली होती, लांब गेली.

बाबांनी ब्रेक मारला. ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला, पण इंजिन त्यांनी चालू ठेवलं, कारण पुन्हा ठोकायला कोण उतरणार. ते रागावतील असं मला वाटलं होतं. मी तयारीतच होते, माझ्याकडे सतरा वर्षांचं साठलेलं होतं. ते समोरच्या काचेकडे बघत बसले.

"तुह्या लग्नाले वर्ष झालं," ते म्हणाले, "तवाच तुह्या आईले म्हनलं होतं, जाऊ दे रीतभात, पेतो मी पोरीकडे पानी. ती बी हो म्हने. मंग तू इंदूरले दवाखान्यात जाऊ लागली. तुहं तोंड एवढंसं. तवा वाटलं, आता पेलं तर तुले वाटीन, बापानं आस सोडली. म्हनून त्या गुरुवारी बी बाटली आनली."

सीटवरच्या बाटलीच्या रिकाम्या जागेवर मी हात ठेवला.

"पुढच्या गुरुवारी बी आनली. दर गुरुवारी वाटे, पुढच्या टायमाले काही गोड खबर राहीन." त्यांनी मांडीवरचा धोतराचा सोगा उगाच झटकला. "मंग कोन्या गुरुवारी बंद करू, तेच समजलं नाही मले."

इंजिनची धडधड सगळ्या केबिनमध्ये होती. आरशावरची झेंडूची माळ थरथरत होती. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"मी नऊ वर्षांपूर्वीच आशा सोडली, बाबा," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी बसून ठरवलं, आता दवाखाने बंद. बरं चाललंय आमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मले कोनीच नाही सांगतलं."

"तुम्ही बाटली घेऊन यायचात. मला वाटायचं, तुम्ही मला दोष देताय. म्हणून नाही सांगितलं."

नऊ वर्षं. म्हणजे नऊ वर्षं मी त्यांच्यावर चिडून होते आणि ते माझ्यासाठी बाटली वाहून आणत होते, आणि मधे टीपॉय. इतके मूर्ख बापलेक अख्ख्या तापीच्या खोऱ्यात दुसरे सापडायचे नाहीत.

मागून जीपने हॉर्न दिला. सर धावत खिडकीशी आले. "दादा, गाडीला काही झालं का?"

"गाडीले काय होते?" बाबा त्यांच्यावरच खेकसले आणि गिअर टाकला.

देडतलाईला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. बाबांनी ड्रायव्हरला खाली बसवून सेल्फचा ठोका दाखवला, या वेळी स्वतःच्या हाताने. रुपयात तेवढं बसतं, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. आरशांच्या माळा सुकल्या होत्या, त्या काढल्या. जाळीतलं गवत वाटेत उडून गेलं होतं. बंपरवर एकदा तळहात ठेवला, आणि मागे वळून न बघता जीपमध्ये येऊन बसले. परतीच्या वाटेवर तोंड उघडं टाकून घोरत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. म्हातारे झाले होते, हे मला तोवर नीट दिसलंच नव्हतं.

पुढे गुरुवार आला. खरं सांगते, सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. फेकलेल्या बाटलीला काही अर्थ नव्हता. बाटल्या बाजारात ढिगाने मिळतात. अकराच्या सुमारास मोटरसायकलचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, पुढे जायचं धाडस होईना.

बाबा आत आले. एका हातात केळ्यांची फणी होती. दुसरा हात रिकामा होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. आधी त्यांनी तो कमरेवर ठेवला, मग खुर्चीच्या पाठीवर. माझ्या भाबड्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. त्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

"बाबा, चहा?"

"आत्ताच..." बाबांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि ते थांबले. खाली बसले. "आधी पानी दे म्हना तिले."

मी तांब्या-पेला नेला. थोडं टीपॉयवर सांडलं. मी त्यांच्या बटव्याकडे बघत होते. हात बटव्याकडे गेला असता तर तो पेला मी नक्की हिसकावून घेतला असता. हात गेला नाही. त्यांनी पेला वर धरला आणि वरून, न थांबता, सगळं पाणी प्यायलं. गळ्याची घाटी वरखाली होताना मी पाहत राहिले. नवरा वर्तमानपत्र हातात धरून नुसता बघत होता.

बाबांनी मिशी पुसली.

"बेचव पानी हाय तुमच्या गल्लीचं," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.